बाजाराच्या गावात श्रमदान कसं सुरू करायचं आणि पाचव्या रविवारच्या पुढं कसं न्यायचं

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातलं, बाजाराचं गाव. म्हणजे वाडीएवढं लहान नाही आणि शहर तर नाहीच, सहा-सात हजार वस्ती, एसटी स्टँड, दोन बँका, आठवडी बाजार, झेडपीची शाळा आणि उन्हाळ्यात टँकर. गेली सहा वर्षं आम्ही दर रविवारी सकाळी दोन तास श्रमदान करतोय. आसपासच्या गावातली पोरं फोन करतात की दादा आम्हालापण करायचंय, सुरुवात कुठनं करू, आणि प्रत्येकाला अर्धा तास तेच सांगावं लागतं म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

पहिली गोष्ट समजून घ्या. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे श्रमदानानं पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, २०१६ ला सुरू झाली तेव्हा तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि आमच्या जिल्ह्यातलं कोरेगाव, आणि पहिला नंबर कोरेगावच्या वेळूनं काढला. मग २०१७ ला वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा, २०१८ ला माण तालुक्यातलं टाकेवाडी, २०१९ ला बार्शी तालुक्यातलं सुर्डी. या यादीत मोठ्या बाजारपेठेचं गाव एकपण नाही. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे, लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, भावकी असते, दवंडी दिली की घरटी एक माणूस निघतो आणि नाही निघाला तर पारावर विचारणारं कोणीतरी असतं. बाजाराच्या गावात निम्मे लोक भाड्यानं राहणारे, दुकानदार, मास्तर, बँकेतले साहेब, कोण कुठल्या आळीला राहतं हेपण माहीत नसतं. त्यामुळं लहान गावाचा फॉर्म्युला जसाच्या तसा आपल्याकडं चालत नाही, आपल्याला आळी-आळीनं, वस्ती-वस्तीनंच जावं लागतं.

आमचीपण सुरुवात चुकली होती. पहिल्या रविवारी १४० माणूस आलं, फ्लेक्स लागला, नारळ फुटला, फोटो झाले, स्टँडमागचा कचरा ट्रॉलीत भरला. चौथ्या रविवारी सहा जण होतो. कचरा तिथं परत जसाच्या तसा होता कारण टाकणारे तेच आणि टाकायची दुसरी जागा त्यांना कोणी दिलीच नव्हती. ते सहा जण त्या दिवशी काम सोडून चहाच्या टपरीवर दोन तास बसलो आणि तिथं जे ठरलं त्यावर आजपर्यंत चाललंय.

आधी पाच माणसं

जाहिरात करायच्या आधी पाच-सहा जण असे धरा जे पाऊस असो, लग्न असो, कोणी नाही आलं तरी येणार. सगळे एकाच आळीचे, एकाच जातीचे, एकाच गटाचे नकोत, हे मुद्दाम बघा. त्यात किमान दोन बाया पाहिजेत. आमच्यात एक अंगणवाडीच्या ताई, एक बचत गटाच्या अध्यक्षा, एक गवंडी, एक दूध डेअरीवरचा पोरगा, एक रिटायर गुरुजी आणि मी. गवंडी तर असलाच पाहिजे, कारण मोजमाप, ओळंबा, उतार हे त्याला कळतं आणि तो सांगेल ते लोक ऐकतात, आपण मोबाईलवर व्हिडिओ बघून सांगितलेलं ऐकत नाहीत.

या पाच-सहा जणांनी पहिला महिना नुसतं फिरायचं. संध्याकाळी प्रत्येक आळीत जाऊन बसायचं आणि एकच विचारायचं, तुमच्या दारातला सगळ्यात मोठा ताप कुठला. आम्हाला वाटत होतं लोक पाणी म्हणतील, रस्ता म्हणतील. बायांनी जवळजवळ प्रत्येक आळीत सांगितलं सांडपाणी. हापशाभोवतीचा चिखल, त्यात डुकरं, डास, आणि पोरं त्यातनंच शाळेत जातात. आम्ही पुरुष रोज तिथनं गाडीवर जात होतो आणि आम्हाला ते दिसत नव्हतं.

पहिलं काम लहान पाहिजे

पहिलं काम निवडताना तीन गोष्टी बघा, दोन रविवारात संपलं पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे आणि जागेचा वाद नसला पाहिजे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पाणंद रस्ता, गायरानाची हद्द, अतिक्रमण असल्या कामाला पहिल्या वर्षी हात लावू नका, काम कितीही गरजेचं असलं तरी. तिथं तुमचा ग्रुप फुटेल.

आम्ही हापशाजवळचा शोषखड्डा घेतला. नांदेड जिल्ह्यात हा प्रकार खूप झालाय, त्याला मॅजिक पिट म्हणतात. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध सिमेंटची लहान टाकी किंवा पाईपचा तुकडा उभा ठेवायचा, तिला वरच्या बाजूला चारी अंगांनी भोकं. टाकीखाली आणि खड्ड्याच्या तळाशी मोठे दगड, त्याच्यावर मध्यम, वर बारीक खडी. सांडपाणी टाकीत पडतं, गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचं पाणी भोकातनं दगडात आणि दगडातनं जमिनीत मुरतं. टाकीवर झाकण ठेवायचं म्हणजे डास आत जात नाही. दोन-तीन महिन्यांनी झाकण काढून गाळ उपसायचा, हे विसरलात तर खड्डा तुंबणार, आमचा एक तुंबला होता. पिण्याच्या विहिरीपासून आणि हापशापासून लांब काढा, म्हणजे हापशाचं पाणी आधी पन्हळीनं ५० फूट तरी पुढं न्या आणि मग तिथं खड्डा. आणि अजून एक, मुरूम असेल तिथं छान चालतो, काळी चिकण माती असेल तर पाणी मुरत नाही, तिथं हा नाद करू नका, आधी एक बादली पाणी खड्ड्यात ओतून बघा किती वेळात जातं.

पहिल्या रविवारी खोदाई, दुसऱ्या रविवारी दगड. तिसऱ्या रविवारी त्या हापशावर एक आजी पाणी भरायला आल्या, चपला हातात घेऊन आल्या होत्या सवयीनं, आणि जागा कोरडी बघून तिथंच उभ्या राहिल्या. मग चपला खाली टाकल्या आणि घालून गेल्या. पुढच्या रविवारी त्याच आळीतनं १७ माणूस आलं, आम्ही कोणाला बोलवायलापण गेलो नव्हतो.

परवानगी आणि कागद

हे कंटाळवाणं आहे पण करा. गावठाणातलं, ओढ्यातलं, गायरानातलं कुठलंही काम असू दे, ग्रामसभेचा ठराव घ्या. ग्रामसभेला कोरम लागतो, गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते, तेव्हा आपली माणसं घेऊन जा, नुसता अर्ज देऊन येऊ नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथं बायांनी विषय मांडला तर पुढं त्याला विरोध करायला कोणी उठत नाही, हा आमचा अनुभव. ठरावाची प्रत हातात मिळेपर्यंत पाठपुरावा करा. वनखात्याच्या हद्दीत फावडंसुद्धा मारायचं नाही, आधी वनपालाला भेटा, बऱ्याचदा ते स्वतःच मदत करतात. खाजगी रानात काम असेल तर मालकाची आणि त्याच्या भावांची, सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्यांची, साध्या कागदावर लेखी संमती. एका भावानं हो म्हटलं म्हणून चर काढला आणि दुसऱ्यानं पुण्याहून येऊन बुजवला असं आमच्याकडं झालंय.

संस्था नोंदवायच्या मागं पहिल्या वर्षी लागू नका. सात माणसं, घटना, ऑडिट, यात जो वेळ जातो तो कामावर घाला. पैसे लागतातच पण कमी लागतात. आमचा नियम आहे की रोख रक्कम कोणाच्या खिशात राहत नाही, तिघांच्या नावानं बँकेत खातं आहे, त्यात दोन बाया, पैसे काढायला दोन सह्या लागतात. पावतीपुस्तक छापा, दहा रुपये दिले तरी पावती. आणि दर महिन्याला हिशोब वहीचं पान मोठ्या अक्षरात लिहून चावडीच्या भिंतीवर लावा, व्हॉट्सॲपवर टाकलेलं निम्म्या लोकांना दिसतच नाही. शक्यतो पैसे मागूच नका, वस्तू मागा. डिझेल कोणाचं, खडी कोणाची, ट्रॉली कोणाची, नाष्टा कोणाचा. माणूस पाचशे रुपये द्यायला कां-कू करतो पण ट्रॅक्टर आनंदानं आणतो. आणि ट्रॅक्टर आणला की स्वतःपण थांबतो.

रविवारची सकाळ

साडेसहा म्हणजे साडेसहा. दोन माणसं असली तरी टिकाव पडला पाहिजे. साडेआठला काम बंद, मग अर्धवट राहिलं तरी बंद. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कारण ज्याला माहितीय की साडेआठला सुटका आहे तो पुढच्या रविवारी येतो, आणि ज्याला पहिल्या दिवशी अकरापर्यंत राबवलं तो परत येत नाही. दुकानदारांना नऊला शटर उघडायचं असतं, बायांना स्वयंपाक असतो.

आदल्या संध्याकाळी दोघांनी जाऊन फक्कीनं आखणी करून ठेवायची. लोक आले आणि कुठं खणायचं यावर चर्चा सुरू झाली की अर्धा तास गेलाच. मोजून वाटून द्या, चौघांची एक टोळी, टोळीला दोन मीटर. एक टिकाव, एक फावडं, दोन घमेली. खणणारा दमला की घमेलं घ्यायचं. प्रत्येक टोळीत एक तरी शेतकरी माणूस पाहिजे, नाहीतर बँकेतले साहेब पहिल्या दहा मिनिटांत हाताला फोड आणून बसतात आणि बिचारे लाजून परत येत नाहीत. त्यांना माती ओढायला द्या, दगड रचायला द्या, हजेरीची वही द्या.

प्रत्येक रविवार एका आळीचा. त्या आळीनं पाणी, चहा आणि पोहे बघायचे, आणि काम शक्यतो त्यांच्याच बाजूचं. यानं दोन गोष्टी होतात, खर्च वाटला जातो आणि ज्यांच्या दारात कधी आपण गेलो नाही त्यांच्या दारात बसून सगळे चहा पितात. सगळ्या आळीत, सगळ्या वस्तीत. याच्यावर आमच्यात एकदा कुरबुर झाली होती, काही जण एका वस्तीत चहाला थांबले नाहीत. आमच्या गुरुजींनी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं की ज्याला चहा चालत नाही त्यानं टिकावपण घरी ठेवावा. दोघं जण यायचे बंद झाले, ते गेले तर गेले. यात मागं हटू नका.

जीवाची काळजी घ्या. मोठा दगड हातानं उचलायच्या आधी पहारीनं हलवा, खाली विंचू असतो, साप असतो. उन्हाळ्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बॅरलभर ठेवा. बीपी-शुगरवाल्यांनी आणि गरोदर बायांनी खोदाईला हात लावायचा नाही, त्यांना दुसरं काम आहे. जेसीबी चालू असेल त्या वेळी त्या जागेवर माणूस नाही, पोर तर अजिबातच नाही. जेसीबीचा दिवस वेगळा, श्रमदानाचा वेगळा.

वनराई बंधारा, दुसऱ्या वर्षीचं काम

पाण्याचं काम करायचंच असतं सगळ्यांना, तर सगळ्यात स्वस्त आणि शिकायला सोपं म्हणजे हे. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढ्याला बारीक धार असते तेव्हा ती अडवायची. सिमेंटची रिकामी पोती, ओढ्यातलीच वाळू-मुरूम, सुतळी आणि दाभण, एवढंच सामान.

जागा बघताना ओढा अरुंद आणि दोन्ही काठ उंच, पक्के असावेत, आणि वरच्या बाजूला पाणी साठायला सपाट लांब पात्र असावं. तळातली सैल वाळू, पाला काढून टाका, कठीण लागेपर्यंत. मग पोती भरायची, पाऊण भरायची, गच्च भरलं की ते गोल होतं आणि एकमेकांवर बसत नाही. तोंड दाभणानं शिवायचं. पहिला थर रुंद, वर जाईल तसा अरुंद, आणि विटांच्या भिंतीत जसे सांधे मोडतो तसे सांधे मोडायचे, पोत्यावर पोतं बरोबर ठेवायचं नाही. प्रत्येक थरामध्ये चिकण माती थापायची आणि पायानं तुडवायची. दोन्ही टोकं काठात फूट-दीड फूट आत घुसवायची, नाहीतर पाणी बाजूनं वाट काढतं आणि काठच खचतो. उंची मीटरभर, फार तर चार फूट. आणि मधला भाग टोकांपेक्षा अर्धा फूट खाली ठेवा म्हणजे जादा पाणी मधनं उडी मारतं. पाण्याच्या बाजूनं परत मातीचा लेप द्या.

आमचा पहिला बंधारा सात मीटरचा, अडीचशे पोती लागली आणि दोन रविवार. शाळेची पोरं पोत्याचं तोंड धरायला, बाया शिवायला, माणसं उचलायला. दुपारी दोनपर्यंत नुसता ओला चिखल दिसत होता, रात्री दहाला बॅटरी घेऊन बघायला गेलो तर निम्मा भरला होता आणि आमच्या आधी तिथं बारा-पंधरा जण येऊन बसले होते, अंधारात, पाण्याकडं बघत.

मे महिन्यात ती पोती काढायची, हे पण कामातच धरा. पहिल्या पुरात ती फाटून वाहतात आणि प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या लोकांच्या रानात जातात, हे बरोबर नाही.

डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीतले चर, काढायचे असतील तर ते तिसऱ्या वर्षी घ्या आणि शिकून घ्या, माथा ते पायथा या क्रमानंच. लेव्हल काढायला ए-फ्रेम स्वतः बनवता येते. तीन बांबू ए सारखे बांधायचे, टोकाला दोरीनं दगड लोंबकळत सोडायचा. दोन पाय जमिनीवर ठेवून दोरी आडव्या बांबूवर कुठं येते तिथं खूण करा, मग पाय उलटे करून त्याच दोन जागी ठेवा, परत खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे लेव्हल. चौथीतल्या पोरीला हे जमतं. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल धरला तर एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी थांबतं, १०० मीटरला १८ हजार. हा हिशोब लोकांना फळ्यावर करून दाखवा, एका टँकरशी तुलना करा, लगेच कळतं.

गटातटाचं काय

प्रत्येक गावात दोन गट असतात, आपल्यातही आहेत. कुठल्याही नेत्याचा फोटो नाही, फ्लेक्स नाही, नारळ नाही, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि लिहून ठेवा. सरपंच आले तर हातात फावडं द्यायचं, विरोधातले आले तरी तेच. निवडणुकीच्या दोन-तीन महिन्यांत नवीन काम काढू नका, नुसती देखभाल करा, शोषखड्ड्यातला गाळ काढा, झाडांना पाणी घाला. ग्रुपवर राजकारणाचा एकपण मेसेज आला की ॲडमिननं काढायचा, मग तो स्वतःच्या चुलत्याचा असला तरी.

मुंबई-पुण्याला असलेल्या गावकऱ्यांना विसरू नका. आमच्या भागातली कितीतरी माणसं मुंबईत माथाडी आहेत, यात्रेला आणि मेच्या सुट्टीत येतात. त्यांना वर्गणीच मागायची अशी पद्धत पडलीय, त्यांना वाईट वाटतं ते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी खास श्रमदान ठेवा. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्यात जास्त काम होतं.

सांभाळणं

नवीन काम काढायच्या आधी जुनं बघायचं, महिन्यातला एक रविवार त्यालाच. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक झाडाला एक पालक घर. झाडं लावताना वड, पिंपळ, लिंब, चिंच, करंज असली आपली लावा, खड्डे मेमध्ये काढा, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा, भोवती बोरी-बाभळीचा काटा घाला, आणि तीन उन्हाळे पाणी घालता येईल तेवढीच लावा. पाचशे लावून वीस जगण्यापेक्षा तीस लावा.

मोजमाप ठेवा. गावातल्या चार विहिरी निवडा, दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहा, शाळेची पोरं करतात हे आवडीनं. पर्जन्यमापक बसवा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी याच आकड्यांवर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढं मांडला आणि कुठलं पीक घ्यायचं ते त्यावर ठरवायला लावलं. आपल्याला तिथपर्यंत जायला वेळ लागेल, पण वही आज सुरू करता येते, आणि दोन वर्षांनी कोणी पारावर म्हणालं की तुमच्या श्रमदानानं काय झालं, तर वही उघडून दाखवता येते.

पावसाळ्याच्या दिवसांत हे वाचत असाल तर एक काम लगेच करा. गावात जिथं जिथं बांधकाम चालू आहे तिथं जाऊन सांगून ठेवा की सिमेंटची पोती फेकू नका, फाडू नका, तळातनं कापू नका, आम्ही शनिवारी न्यायला येतो. झटकून, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून कोणाच्या तरी कोरड्या खोलीत ठेवा. ऑक्टोबरमध्ये शोधायला गेलात तर मिळत नाहीत.